दादाचं चिनी सैन्य आणि माझं कोठार

चि. भुंग्या यास,

आत्याचे पोटभर आशीर्वाद. तू खुशाल असशील असं मी धरून चालते, कारण विचारायला फोन केला की तू ‘आत्या, मीटिंगमध्ये आहे’ म्हणतोस आणि माझं वाक्य ‘अरे, मी काय म्हणते’ वरच लटकतं. म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच तोडता येत नाही आणि त्यावर पिवळा अंगठा दाखवून सुटताही येत नाही. माझा घोटा सांधला आहे. डॉक्टरांच्या मते मी आता चालू शकते. माझ्या मते मी आधीही चालू शकत होते, पण त्यांनी प्लास्टरच इतकं हौसेनं घातलं होतं की नाही म्हणवेना. तुझी आई, म्हणजे आमची वहिनी, बरी आहे. (ती तुला रोज फोन करते हे दादाला माहीत नाही, असं तिला वाटतं. दादा त्या वेळी मुद्दाम चपला घालून बाहेर जातो आणि लिफ्टपाशी उगाच उभा राहतो.) दादाचं म्हणशील तर, तेच सांगायला बसले आहे.

मी प्लास्टरमध्ये होते तेव्हा तू माझ्या संगणकावर तो प्राचीन चीनमधला शहर वसवायचा खेळ घालून गेलास. ‘आत्या, वेळ जाईल’ म्हणालास. गेला, बाबा. दोनदा दूध उतू गेलं आणि एकदा गॅसवाला दार वाजवून परत गेला. त्यानंतर लगेचच तू पक्की नोकरी सोडून असले खेळ बनवणाऱ्या कंपनीत गेलास आणि दादा म्हणाला की खेळण्याला जगात कुणी काम म्हणत नाही. जन्मभर शाळेत व्यायामशिक्षक म्हणून मुलांना खेळवण्याचाच पगार घेतलेल्या माणसानं हे म्हणावं! तू ते नेमकं बोलून दाखवलंस, त्यानं ताट बाजूला सारलं, तू बॅग उचललीस, आणि तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. त्यात मी पडणार नाही. मी फक्त एवढंच म्हणते की दोघांच्याही नाकाचा शेंडा एकाच साच्यातून काढलेला आहे आणि तो साचा मला लहानपणापासून छळतो आहे.

तर दादा रोज सकाळी माझ्या घोट्याचा व्यायाम घ्यायला येतो. (शिट्टी घेऊन येतो. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना वाटतं मी कुठल्या स्पर्धेत उतरणार आहे.) एक दिवस मी पाय वर-खाली करत होते आणि एका डोळ्यानं पडद्याकडे बघत होते. दादानंही बघितलं. तुझा खेळ म्हणून त्यानं आधी नाक मुरडलं, मग घरांची रांग वाकडी आहे म्हणाला, मग खुर्ची ओढून घेतली. त्या दिवशी घोटा तसाच हवेत राहिला. पुढच्या दिवशी आल्या आल्या त्यानं विचारलं, ‘आपलं सैन्य कुठं आहे?’ मी म्हटलं, आपल्याकडे सैन्य नाही, आपल्याकडे राळ्याची शेती आहे, विहिरी आहेत आणि मडकी करणारे आहेत. तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी वर्गभर पोरं बूट न घालता मैदानावर आणली आहेत.

मग कामाची वाटणी झाली. दादाकडे सैन्य, माझ्याकडे कोठारं. आता तू म्हणशील, दवाखान्याचं भांडार इतकी वर्षं सांभाळलेल्या बाईच्या हाती कोठारं म्हणजे राज्य सुखी. मलाही तसंच वाटलं होतं. पण अरे, भांडारातली माझी ख्याती माल देण्याबद्दल नव्हती, न देण्याबद्दल होती. मागणीचिठ्ठी नसेल तर मोठ्या डॉक्टरांनाही मी उशीचा अभ्रा दिलेला नाही. खेळातही सगळ्या कोठारांवर मी ‘फक्त आवक’ची खूण करून टाकली. धान्य येत होतं, ताग येत होता, कोठारं तट्ट फुगली होती, आणि बघून माझा जीव असा गार होत होता म्हणून सांगू! दादानं पहिली स्वारी काढली. सैन्य वेशीबाहेर पडलं आणि मागं शहरातले लोक पाठीवर गाठोडी टाकून चालते झाले. घरं ओस पडली. भरल्या कोठारांच्या दारात उपाशी राहून लोक गाव सोडून गेले, ते माझ्यामुळे, हे कळायला आम्हाला आख्खी सकाळ लागली. दादा तेवढा वेळ चोरांवर संशय घेत होता.

दुसऱ्या स्वारीचं पाप मात्र त्याच्या माथी. मी नाक दाबून कोठारं उघडली, शस्त्रं करणाऱ्यांना धातू दिला, उमरावांची घरं सजवली (घोडदळ त्यांच्याकडूनच मिळतं, आणि त्यांना रेशमाखेरीज काही चालत नाही, मेले नखरेल), सगळी सिद्धता झाली. आणि दादानं सैन्याची कवायत सुरू केली. शहराभोवती फेऱ्या! उत्तरेच्या वेशीपासून दक्षिणेच्या वेशीपर्यंत, परत फिरून, परत. मी म्हटलं, अरे दादा, ही चित्रं आहेत, यांना अंगात रग आणावी लागत नाही. तो म्हणाला, सराव नसलेला संघ तो मैदानावर उतरवणार नाही. कवायत चालू असताना पूर्वजांना मान पाठवायचा राहिला. त्या खेळात पूर्वजांचं फार बघावं लागतं, महिनाभर कुणी विचारपूस केली नाही की ते रुसतात. (हे वाचून तुला आपल्या घरातलं कुणी आठवलं तर तो योगायोग समज.) ते रुसले, पीक बुडालं, आणि सैन्य शिस्तीत रांगेत उभं असताना डोंगरापलीकडचे लुटारू येऊन आमची मडकी घेऊन गेले.

आता खरी अडचण ऐक. आमच्या शेजारी एक राज्य आहे. आधी त्याचं आमच्याशी चांगलं होतं. मागितलं तर मीठ द्यायचे, न मागता चहा पाठवायचे. त्यांना जिंकल्याशिवाय मोहीम पुरी होत नाही, पण त्याला वाटा दोन आहेत: एक तर सैन्य नेऊन हरवायचं, नाही तर भेटी पाठवून त्यांचं मन वळवायचं, म्हणजे ते आपण होऊन आपल्या बाजूला येतात. दादानं पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे दूत धाडून खंडणी मागितली. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ खंडणी! ते बिथरले आणि त्यांनी आमच्या दूताला आल्या पावली परतवून लावलं. तेव्हापासून मीठ बंद, चहा बंद.

वहिनी दादाला जेवायला बोलवायला आली होती, ती कधी नव्हे ते पडद्यासमोर थांबली. काय झालं म्हणून तिनं विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, ‘मग आधी काहीतरी पाठवा की. नुसती विचारपूस तरी करा.’ दादा म्हणाला, ‘आपण आधी? चूक त्यांची आहे.’ वहिनी म्हणाली, ‘चूक कुणाची ते मी विचारलंच नाही. जेवायला चला.’ आणि निघून गेली. दादा जेवायला म्हणून उठला, पुन्हा बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘ज्यानं हे संगणकात घातलं, त्याला विचार ना काय करायचं ते.’ भुंग्या, त्यानं नाव घेतलं नाही, पण मला गलबलून आलं. मी पाय दुखतोय असं सांगून डोळे पुसले आणि त्यानं लगेच शिट्टी काढली.

तेव्हापासून आम्ही रोज हरतो आणि रोज तो म्हणतो, त्याला विचार. तरी तू मोहीम कशी काढावी ते सविस्तर कळव. आधी शस्त्रं करावी की आधी रेशीम? सैन्य बाहेर असताना शहर कुणाच्या जिवावर सोडावं? आणि बिघडलेल्या शेजाऱ्याला पहिली भेट पाठवायची झाली तर मान खाली न घालता ती कशी पाठवायची? हा शेवटचा प्रश्न दादाच्या तोंडून आला आहे, मी फक्त उतरवला. जेवणाची हेळसांड करू नकोस. उत्तराची वाट बघणारी,

तुझी आत्या

ता. क. आम्ही रोज हरतो हे खरं, पण का हरतो ते तुला सांगायला हवं. दादा आता वाईट खेळत नाही. सैन्य उत्तम आहे, पूर्वज खूश आहेत. गेल्या आठवड्यात तो जिंकणारच होता. तो हात धुवायला गेला तेवढ्यात मी शस्त्रांच्या कोठारावर ‘फक्त आवक’ करून टाकलं आणि त्याचे शूर शिपाई रिकाम्या हातानं लढायला गेले. तेव्हापासून रोज करते. मोहीम जिंकली तर तुझी आठवण काढायला त्याच्याकडे निमित्त उरणार नाही. तेव्हा मोहीम कशी काढावी हे नाही कळवलंस तरी चालेल. तू ये.

आणखी ता. क. वहिनी म्हणते, येणार असशील तर आदल्या दिवशी कळव. मी म्हणते, कळवू नकोस, नुसता ये. दादाला तयारीला वेळ दिला की तो कवायत सुरू करतो.

*(खाली वेगळ्या, ठसठशीत अक्षरात)*

हे पत्र पेटीत टाक म्हणून तुझ्या आत्यानं माझ्याकडे दिलं. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. पेटीपर्यंत गेलो, तिथं उभा राहून वाचलं, आणि मग तसाच स्टेशनवर गेलो. शस्त्रांचं कोठार ती बंद करते हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. हात धुवायला इतका वेळ कुणाला लागतो?

तू काम कुठं करतोस ते बघायचं आहे. खुर्ची कशी आहे तेही. पोक काढून बसत असशील.

घंटेवर दोनदा बोट ठेवलं, दाबवली नाही. म्हणून पत्र दाराखालून सरकवतो आहे. तुझं वाचून होईपर्यंत जिन्यात उभा आहे. जरा भरभर वाच, तुझ्या आत्यानं फार लांबवलं आहे.

बाबा