फिंतासमधला कॉर्नेट

अण्णा, आज दवाखान्यातून आले ती सरळ स्वयंपाकघरात येऊन बसले आहे. चहा ठेवायचाही कंटाळा आला. कुवेतमधल्या, फरवानियातल्या फिजिओथेरपीच्या खोलीत मला आता इतकी वर्षं झाली आहेत, की पेशंट दारातून आत येतानाच त्याचं दुखणं कळतं, आणि कळल्यावर पूर्वीसारखं काही वाटत नाही. आज एक टॅक्सीवाला आला होता, पेशावरकडचा. चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडलेली. मी नेहमीचंच सांगितलं, गाल फुगवा, शीळ घाला, ओठांचा चंबू करा. त्याने चंबू केला आणि एका कोपऱ्यातून हवा निसटून गेली. बिचारा ओशाळला. मी म्हटलं, "होता है भाई, वापस आएगा." तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला अगदी हेच सांगितलं होतं. मग मी टॉवेल आणायच्या निमित्ताने बाहेर गेले आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिले.

सालमियातलं आपलं घर आठवतं. दोन खोल्या, खाली कपडे इस्त्री करणाऱ्याचं दुकान, आणि गच्चीवर गेलं तर इमारतींच्या फटीतून समुद्राची एक पट्टी. तुम्ही सरकारी इस्पितळात एक्स-रे टेक्निशियन होतात. कोल्हापूरहून येताना तुम्ही ट्रंकेत कपड्यांच्या घड्यांमध्ये आजोबांचा कॉर्नेट, ट्रम्पेटसारखा तो आखूड पितळी कर्णा, गुंडाळून आणला होता, आणि त्यासाठी आईचा पाटा-वरवंटा मागे ठेवावा लागला, हे ती कधी विसरली नाही. आजोबा एका लहानशा संस्थानाच्या बँडमध्ये होते. पलटणीतून निवृत्त झालेला एक इंग्रज बँडमास्तर त्यांना शिकवायचा. संस्थानं गेली, बँड मोडला, आणि आजोबा लग्नाच्या वरातींत वाजवू लागले; त्यांच्याकडून ते तुमच्याकडे आलं. सालमियात शेजाऱ्यांची तक्रार नको म्हणून तुम्ही कपाटाचं दार उघडून, कॉर्नेटचं तोंड आईच्या साड्यांमध्ये खुपसून वाजवत होता. बाहेर ऐकू यायचा तो आवाज कुणीतरी उशीत तोंड घालून गावं तसा. मला वाटायचं, कॉर्नेटचा आवाज असाच असतो.

फिंतासचा तो इंग्रज तुमच्याकडे एक्स-रे काढायला आला होता. पाइपलाइनवरचा इंजिनियर, जिन्यावरून पडून बरगडी दुखावलेला. तुम्ही त्याला म्हणालात, श्वास रोखून धरा. फोटो निघाला, तुम्ही प्लेट बदलायला गेलात, परत आलात, तरी हा शांतपणे श्वास रोखून उभा. तुम्ही त्याला विचारलंत, "साहेब, तुम्ही काय वाजवता?" ही गोष्ट तुम्ही घरी इतक्या वेळा सांगितलीत की आई तुमच्या आधी शेवट म्हणून टाकायची. त्याचा फिंतासमध्ये एक बंगला होता आणि दर शुक्रवारी दुपारी तिथल्या हॉलमध्ये इंग्रजांचा एक हौशी पितळी बँड जमत असे; त्याचा बँडमास्तर हाच. त्याने तुम्हाला बोलावलं. आपण सगळे गेलो, बसने, तुम्ही मांडीवर पिशवी धरून.

तिथे तुमची परीक्षा झाली. तुमच्याआधी पहिल्या खुर्चीवर, म्हणजे एकट्याने वाजवायचे तुकडे ज्याच्याकडे असतात तिथे, विमा कंपनीतला एक उंच, गोरापान, अबोल माणूस बसायचा. बँडमास्तर म्हणाला, दोघांनी एकच तुकडा वाजवा, मी भिंतीकडे तोंड करून बसतो. तो म्हणाला, इंग्लंडात आमच्याकडच्या स्पर्धांत परीक्षकाला कनातीच्या तंबूत बसवतात, कोण वाजवतंय ते त्याला दिसता कामा नये. मग तो खरोखरच खुर्ची फिरवून बसला, आणि तुम्ही दोघांनी पाळीपाळीने वाजवलंत. साड्यांच्या कपाटाबाहेर तुमचा कॉर्नेट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. बँडमास्तर बराच वेळ वळला नाही. नंतर म्हणाला, "पहिला जास्त स्वच्छ आहे. पण मला दुसऱ्याचं पुढे काय होतंय ते ऐकावंसं वाटतंय." दुसरे तुम्ही होतात. विमावाल्याने तुमचा हात हातात घेतला, स्वतःचे कागद उचलले आणि शेजारच्या खुर्चीवर सरकला. त्यानंतर कितीतरी शुक्रवार तो तुमच्याशी कामापुरतंच बोलला.

चहाच्या वेळी बँडमास्तर त्याच्या गावाच्या गोष्टी सांगायचा. उत्तर इंग्लंडमधलं कोळशाच्या खाणीचं गाव. त्याचे वडील दिवसभर जमिनीखाली आणि संध्याकाळी बँडच्या खोलीत. खाणवाल्यांनी वाद्यं घेऊन दिली, का तर माणसं दारूच्या गुत्त्यात कमी बसतील. माणसं आधी वाजवायची आणि मग बसायची, असं तो म्हणे. गावागावांच्या बँडांत हाडवैर. रविवारी चॅपेलमध्ये जी भजनं म्हणायची तीच पितळेवर वाजवायची. आणि मग एका वर्षी पोरांनी कॉर्नेट खाली ठेवले आणि गिटारी उचलल्या. "ते गिटारवाले जगभर गेले," तो म्हणाला, "आणि आमच्याकडे तिसऱ्या रांगेत बसायला माणूस मिळेना." हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं, कारण माझ्या कानाला तेव्हा वॉकमन होता. सालमियाच्या दुकानांत त्या गिटारवाल्यांच्या आणि त्यांच्यानंतर आलेल्या केस रंगवलेल्या, डोळ्यांत काजळ घातलेल्या पोरांच्या कॅसेटी भरभरून मिळायच्या, सगळ्या नकली, वेष्टनावर नावं चुकलेली. मला इंग्लंड म्हणजे तेवढंच ठाऊक होतं. तुमचं इंग्लंड पितळेचं, आणि ते आजोबांपासूनचं. एका घरात दोन इंग्लंड होती आणि आईला दोन्हींचा वैताग होता. "आठवड्यातून एक सुट्टीचा दिवस," ती म्हणायची, "तोही त्या बँडला वाहायचा."

त्या हिवाळ्यात जाहीर कार्यक्रम ठरला. बंगल्यामागच्या हिरवळीवर खुर्च्या मांडायच्या, संध्याकाळी, इंग्रज कुटुंबं आणि इस्पितळातले काही लोक यायचे. मधोमध त्यांच्या चॅपेलमधलं एक संथ भजन, आणि त्यात तुमचा एकट्याचा कॉर्नेट. त्या भजनात एक लांब ओळ होती, वर चढत जाणारी. शेवटच्या वरच्या स्वरावर तुम्ही सरळ जात नसा, खालून हलकेच घसटून पोचत असा. बँडमास्तर पहिल्यांदा थांबला. म्हणाला, हे कागदावर नाही. तुम्ही म्हणालात, माझ्या वडिलांच्या हातात होतं. तो म्हणाला, "मग राहू द्या."

कार्यक्रमाला थोडेच दिवस उरले असताना एका सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात उभ्याने चहा पीत होता. बशीवर फुंकर मारायला गेलात आणि फुंकर आली नाही. चहा हनुवटीवरून शर्टावर सांडला. आई पोळी लाटता लाटता वळली आणि तुमच्याकडे पाहत राहिली. "तुमच्या तोंडाला काय झालंय?" ती म्हणाली. तुम्ही खिडकीच्या काचेत पाहिलंत. डावी बाजू उतरली होती. तुमच्याच इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले मेंदूचं काही नाही, चेहऱ्याची नस आहे, येईल परत, कधी आणि किती ते सांगता येत नाही. तुम्ही डोळ्यावर पट्टी बांधून घरी आलात. संध्याकाळी मला स्वयंपाकघरातून तो आवाज येऊ लागला. तुम्ही नळाशी आरसा टेकवून कॉर्नेटची काढलेली नुसती मुखनळी ओठांना लावत होता आणि हवा कोपऱ्यातून निसटत होती. गरम टॉवेल, पुन्हा मुखनळी, पुन्हा टॉवेल. मला ते ऐकवेना. मी दारात उभी राहून इंग्रजीत म्हटलं, जाऊ द्या ना अण्णा, एक बँडच तर आहे. तुम्ही टॉवेल खाली ठेवलात. मला वाटलं ओरडाल. तुम्ही अर्ध्या तोंडाने, शब्द नीट न उमटता म्हणालात, "मराठीत बोल. काही तोडायचंच असेल तर निदान मराठीत तोड." मग पाठ फिरवून नळ सोडलात.

पुढच्याच आठवड्यात विमावाला आपल्या घरी आला. फिंतासहून सालमियाला, स्वतःची गाडी घेऊन, हातात बिस्किटांचा डबा आणि बगलेत कॉर्नेटची पेटी. आईने त्याला पोहे दिले, ते त्याने सगळे खाल्ले. खाऊन झाल्यावर म्हणाला, "ते भजन आता माझ्याकडे आलं आहे. मला ते नको होतं असं नाही. पण ती ओळ मला तुमच्यासारखी वाजवता येत नाही, आणि माझ्यासारखी वाजवली तर सगळ्यांना कळेल की तुम्ही नाही." तुम्ही म्हणालात, "तुमच्यासारखीच वाजवा, तीही चांगली आहे." तो म्हणाला, "नाही. मी शिकायला आलो आहे." तुम्हाला नुसती मुखनळीही वाजवता येत नव्हती. मग तुम्ही गायलात. सरगम करून, वाकड्या तोंडाने, स्वर जिथे ओठ लागत नव्हते तिथे नाकातून काढत. शेवटचा घसटा तुम्ही हाताने दाखवलात, टेबलावरून तळवा सरकवत. त्याने वाजवलं. तुम्ही मान हलवलीत, नाही. पुन्हा गायलात. "वर चढू नका," तुम्ही म्हणालात, "तिथे नुसते जाऊन पोचा." खालचा इस्त्रीवाला वर येऊन दारात उभा राहिला. त्या दिवशी साड्यांचं कपाट बंद होतं आणि शेजाऱ्यांपैकी कुणी तक्रार केली नाही. विमावाला गेल्यावर तुम्ही न जेवता झोपलात. आई म्हणाली, "बोलावू नका त्याला परत. तुम्हाला त्रास होतो." तुम्ही म्हणालात, "उद्या येणार आहे. अजून जमलेलं नाही."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी वारा गार होता. आपण मागच्या बाजूला बसलो होतो, तुम्ही मफलर तोंडावर ओढून. विमावाला उठून पुढे आला. सुरुवात त्याची होती, स्वच्छ, सरळ, थोडी कोरडी. मग ती ओळ आली. तो चढला नाही, अण्णा. खालून हलकेच घसटून तिथे पोचला. बँडमास्तरची काठी क्षणभर हवेत राहिली, मग खाली आली. मी तुमच्याकडे पाहिलं. पट्टीखालून पाणी गालावर आलं होतं. शेजारच्या इंग्रज बाईने रुमाल पुढे केला, तर तुम्ही तिला समजावून सांगितलंत की हे त्या दुखण्यामुळे होतं, डोळा मिटत नाही म्हणून. हे खरंच आहे. मी रोज माझ्या पेशंटना हेच सांगते. पण तुमचा दुसरा डोळा त्या बाजूने मला दिसत नव्हता.

तोंड बरंचसं परत आलं, सगळं आलं नाही. वरचे स्वर गेले ते गेलेच. तुम्ही बँड सोडला नाहीत. मागे उभं राहून मोठा ढोल वाजवू लागलात, आणि विमावाला मधल्या सुट्टीत तुमच्यापाशी येऊन उभा राहायचा. तुम्ही दोघे मिळून सिगारेट ओढायचात. काही वर्षांत इंग्रज कुटुंबं एकेक करून परत गेली. बँडमास्तर निघाला तेव्हा म्हणाला, आमच्या गावची खाण बंद होतेय, बँडचं काय ते माहीत नाही, जाऊन बघतो. नंतर त्याचं काही कळलं नाही. तुम्ही सुट्टीवर कोल्हापूरला गेलात आणि तिथेच वारलात. मी तेव्हा पुण्याला शिकत होते. कोर्स मी निवडला त्यात तुमच्या चेहऱ्याचा काही भाग होता का, असं लोक विचारतात. मी हो म्हणते, कारण लोकांना ते बरं वाटतं. खरं तर मला तिथेच प्रवेश मिळाला होता.

टॅक्सीवाला परवा पुन्हा येईल. मी त्याला गाल फुगवायला लावीन. हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मी घडी करून ठेवून देईन, आणि पुढच्या आवराआवरीत ते जाईल. पण कुणाला तरी एकदा सांगायला हवं, म्हणून तुम्हालाच सांगते. मी दमून आले की कधी कधी ते भजन मनात वाजतं, आणि ती ओळ आली की मी थांबून ऐकते. ते तुम्ही नसता, अण्णा. तुम्ही कसे वाजवायचात ते मला आता आठवत नाही. आठवतो तो विमावाला.