बाबांचे थंडीचे शब्द

मंगळवार, ९ डिसें. १९५८
३ तारखेला इथे लिहिलं, ‘साहेबांनी अर्ज नाकारला.’ ते खोटं आहे. नाकारला नाही, परत दिला. बांधकामावर मी जिची हजेरी घेते त्या टोळीतल्या, खडी वाहणाऱ्या रेजांसाठी, म्हणजे मजूर बायकांसाठी, चौदा कंबलं मागणारा माझा अर्ज. त्यात थंडीसाठी बाबांनी घरी शिकवलेले जुने इंग्रजी शब्द घातले. निदर्ड, म्हणजे गारठून थरथरणारा. श्रॅम्ड, म्हणजे थंडीने आखडलेला. साहेबांनी ते कचेरीत मोठ्याने वाचले. सगळे हसले. मग नीट म्हणाले, “बेटी, सीधा लिख के लाओ, स्टोरवाला समझे ऐसा. आज ही साइन कर दूँगा.”
त्या ‘आज’ला सहा दिवस झाले.
रेजांना मी सांगितलं, वरून नकार आला.

बुधवार, १०
बाबा रेल्वेत गार्ड होते, सारख्या बदल्या, म्हणून माझी शाळा घरीच. गोऱ्या ड्रायव्हरने जाताना दिलेला फाटका शब्दकोश, रोजचे पाच शब्द. आज बाबा शेजारच्या काकांना सांगत होते, “शाळेत न जाता सायबाले इंग्रजी शिकवून राहिली माही पोरगी!” मग मला, “काय म्हणे वं सायेब?”
पाहतो म्हणाले, असं सांगितलं. हे आणखी एक खोटं.
सरळ अर्ज लिहायचा तर बाबांचा एकही शब्द त्यात राहणार नाही.

शुक्रवार, १२
सकाळी हजेरीला रेजांमधली बिसाहिनबाई सिमेंटचं रिकामं पोतं पांघरून आली. अंगठा लावायला हात उघडेना. मीच धरून टेकवला. श्रॅम्ड. आधी शब्द आठवला, मग बाई दिसली. याची लाज लिहिता येत नाही.
“जाड़ लागत हे, नोनी,” थंडी वाजते पोरी, एवढंच म्हणाली.
मागून कोणीतरी, “साहब करा खुदे कंबल नइ होही, बिचारा!” साहेबाकडेच कंबल नसेल म्हणे. सगळ्या हसल्या. मी मान खाली घातली तर बिसाहिनबाई माझीच समजूत घालते, “तैं तो लिखे रहे, नोनी. तोर का दोस?”
रागावली असती तर बरं झालं असतं.

शनिवार, १३
अर्ज लिहिला. तीन ओळी. चौदा बायका, उघड्यावर काम, चौदा कंबलं. लिहायला पाच मिनिटंही लागली नाहीत. कचेरीत नेला तर साहेब दुर्गला गेलेले, परवा येणार.
बाबांना दाखवलेला नाही. उद्या रविवार, ते विचारतीलच. काय सांगणार, ठाऊक नाही.
पण रेजांना काय सांगायचं ते ठरलं. आधी बिसाहिनबाईला सगळ्यांसमोर खरं सांगायचं, साहेबांची सही मग. सोमवार, १५ डिसेंबर, सकाळच्या हजेरीला.