फ्रॉकमधला मुलगा

अण्णा, सध्या माझ्याकडं जर्मनीतल्या जुन्या कुटुंबांचे फोटो दुरुस्तीला येतात. हातात कागद येत नाही, कंप्युटरवर फाइल येते. पुण्यातली एक कंपनी मधे आहे, ती काम वाटते. मी इथं घरी बसून घड्या, डाग, बुरशी काढतो आणि परत पाठवतो. तुम्ही बारीक ब्रशनं जे करायचात तेच, फक्त बोटांना रंग लागत नाही. सव्वाशे वर्षांच्या आधीची माणसं आहेत. वडील खुर्चीवर, आई शेजारी, भोवती पाच-सहा पोरं उंचीप्रमाणं उभी केलेली. थोरल्या पोरांच्या अंगात खलाशांसारखे सदरे, मोठी चौकोनी कॉलर पाठीवर पडलेली. मुलींना गडद लोकरीचे झगे, वरून पांढरं एप्रन, पायात घोट्याच्या वरपर्यंत बटणं असलेले बूट. बऱ्याच घरांत सगळ्यांचे कपडे एकाच ताग्यातले दिसतात. झग्याच्या खालच्या घेराला आडव्या दुमडी घातलेल्या असतात, पोर वाढलं की एकेक उसवायची. आणि सगळ्यात धाकटं असतं ते आईच्या मांडीवर नाहीतर स्टुलावर, फ्रॉकमधे. ते मुलगा आहे की मुलगी, हे कपड्यावरून सांगता येत नाही. मी भांग बघतो. भांग बाजूला असेल तर बहुतेक मुलगा. किंवा हातात खेळण्यातला चाबूक, लाकडी घोडा दिलेला असतो. कंपनीतली पोरं फोनवर विचारतात, सर, तुम्हाला कसं कळतं? मी म्हणतो, सवयीनं.

मला ते सातवीत असतानाच कळलं होतं, औरंगपुऱ्यातल्या आपल्या स्टुडिओत. दुपारी शाळा सुटल्यावर मी तिथंच येऊन अभ्यास करायचो. एक म्हातारी जर्मन बाई आत येते, सोबत वेरूळला लेणी दाखवणारा गाइड. तिच्या पर्समधे आजोळच्या घराण्याचा एक जुना फोटो आहे, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. प्रवासात त्यावर पाणी सांडलंय आणि पुठ्ठा मधोमध मोडलाय. भेग नेमकी धाकट्या लेकराच्या डोक्यावरून गेलीय. तुम्ही तो दोन्ही हातांत घेऊन दारातल्या उजेडात नेता, बराच वेळ बघता आणि म्हणता, "चार दिवस लागतील. व्हईल." त्या फोटोवरून तुम्ही नवी निगेटिव्ह केली, मोठी प्रिंट काढली आणि ब्रश घेऊन बसलात. लेकराचे केस पार गेलेले होते. अंगात लेसचा फ्रॉक होता, म्हणून तुम्ही केस रंगवून त्यावर एक छान रिबीन बांधली.

बाई आली, तिनं फोटो बघितला आणि तोंडावर हात धरून हसायला लागली. गाइड म्हणाला, "त्या म्हणतेत ही पोरगी नाय. हे त्यांचे आजोबा हायेत."

"फ्रॉक घातलाय की," तुम्ही म्हणालात.

गाइडनं तिला विचारलं आणि मग सांगितलं, "त्यांच्याकडं तवा सगळ्याच पोरांना पाच-सहा वर्षं फ्रॉकच घालायचे. मंग एक दिवस पहिली विजार शिवायची. लई मोठा दिवस असायचा म्हणं तो घरात."

तुम्ही फोटो परत हातात घेतलात. मग म्हणालात, "आमच्याकडं बी घालतेत कुणी कुणी. नजर लागू नये म्हणून." गाइडनं ते तिला सांगितलं. तिनं मान हलवली. तुम्ही रिबीन पुसून तिथं साधे केस केलेत. एक प्रत स्टुडिओत ठेवू का म्हणून विचारलंत, तर ती खुशीनं हो म्हणाली.

दोन दिवसांनी तुम्ही घरी जेवायला गेलात आणि येताना एक लहानसा फोटो घेऊन आलात. स्टुलाला धरून उभं असलेलं दोन-अडीच वर्षांचं मूल, अंगात झालरीचा पांढरा फ्रॉक. तो फ्रॉक मी ओळखला, आईच्या पेटीत तळाशी घडी करून ठेवलेला असायचा. तुम्ही रस्त्याकडच्या काचेच्या कपाटात जर्मन कुटुंबाच्या शेजारी तो फोटो लावलात, मग बाहेर रस्त्यावर जाऊन तो बघत उभे राहिलात. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता तरी बाजूला झाला नाहीत.

माझ्या वर्गातली पोरं त्याच रस्त्यानं घरी जायची. "अबे, ये तू है क्या? फ्रॉक में?" एकानं विचारलं. दुसऱ्या दिवशी वर्गात मला मुलीचं नाव पडलं, तिसऱ्या दिवशी कुणीतरी फळ्यावर फ्रॉक काढला. तो मीच, याबद्दल मलाही शंका नव्हती. आपल्या घरात दुसरं मूल कुठं होतं? त्या दुपारी तुम्ही एका कचेरीत ओळखपत्रांचे फोटो काढायला गेला होता. मी कपाट उघडलं, फोटो काढला, चार तुकडे केले आणि समोरच्या नालीत टाकले. मग भूगोलाचं पुस्तक उघडून बसलो.

तुम्ही आलात, कॅमेऱ्याची पिशवी खाली ठेवलीत आणि कपाटाकडं बघितलंत.

"इथला फोटो?"

"फाडला."

"कुठं टाकला?"

मी बोट दाखवलं. तुम्ही बाहीसुद्धा वर केली नाहीत. नालीपाशी उकिडवं बसून हात आत घातलात. दोन तुकडे मिळाले. ते मागच्या खोलीत नळाखाली धुतलेत आणि चिमट्याला अडकवलेत. एकावर फ्रॉकची झालर आणि पाय होते, दुसऱ्यावर नुसतंच स्टूल. निगेटिव्ह कुठंच नव्हती. तो फोटो तुमच्या उस्तादांनी काढलेला होता, आणि त्यांचं दुकान माझ्या जन्माआधीच मोडलेलं. हे सगळं मला नंतर समजलं. तेव्हा तुम्ही हात पुसत एवढंच म्हणालात, "तो तू नव्हतास."

"मग कोण?"

"तुझा मोठा भाऊ. तापात गेला. तू व्हायच्या आधी."

तेवढ्यात पासपोर्टच्या फोटोसाठी एक गिऱ्हाईक आलं. तुम्ही त्याला आत नेलंत, बसवलंत. तुमचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता, नेहमीसारखा, "हनुवटी थोडी वर करा." घरी गेल्यावर तुम्ही आईला सांगितलंत की कपाटात पाणी शिरलं आणि फोटो भिजला. तिनं तो स्वतः पेटीतून काढून दिला होता, बारा-तेरा वर्षांनी पहिल्यांदा. ती "बरं" म्हणाली आणि भाकरी उलटली. मला तुम्ही मारलं नाहीत, पुढं कधी विषयही काढला नाहीत. पुढच्याच वर्षी मला ब्रश धरायला शिकवलंत. तुम्ही गेल्यावर मी स्टुडिओ आवरला, पण ते दोन तुकडे कुठं दिसले नाहीत. खरं सांगायचं तर मी शोधलेही नाहीत.

या आठवड्यात एक काम आलं. पाच भावंडं आहेत, धाकटा फ्रॉकमधे, भांग बाजूला. खाली त्या घरच्यांनी टीप दिली होती की धाकट्याचा एवढाच फोटो आहे, त्याचा चेहरा जपून करा. मी केला. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला नाही. मला काही वाटेल म्हणून मी वाट बघितली, पण काही वाटलं नाही. फाइल पाठवून दिली.

आई मागं पलंगावर बसली होती. तिला आता कमी दिसतं, पण स्क्रीनवर पांढरा फ्रॉक दिसला असावा. म्हणाली, "त्याचा बी असाच होता. मी हातानं शिवला होता."

मी म्हणालो, "हं."

"तू बघितला होतास की रे तो फोटो, दुकानात. कसा दिसत होता? मला आता डोळ्यापुढं येईना. लई दिवस झाले, तोंडच येईना."

मी म्हणालो, "तुझ्यावर होता. डोळे तुझ्यासारखे, मोठे. हसत होता थोडा."

तिनं उशी सारखी केली. मग "व्हय" म्हणाली आणि आडवी झाली. आता झोपलीय.

हे सगळं मी कामाच्या फोल्डरमधे लिहितोय. नातवंडं कधी तिला काही वाचून दाखवतात, हे त्यांच्या हाती लागू नये म्हणून फाइलला नुसता नंबर दिलाय. पाठवायला पत्ता नाहीच. पण अण्णा, एक गोष्ट तुम्हालाही कधी सांगितली नव्हती. तुम्ही तो फोटो घरून आणलात तेव्हापासून फाडेपर्यंत मी त्याचा चेहरा बघितलाच नव्हता. मी फक्त फ्रॉक बघितला होता.