शैलजाच्या मापाची स्कूटर

मी, नीलकंठ गोविंद खांडवेकर, वय सत्तावन्न, संरक्षण खात्याच्या कारखान्यात टूलरूममधला चार्जमन, राहणार मदन महल, जबलपूर, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, हात थरथरत नाही आणि चष्मा नवा आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू शकेल अशी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे माझी पत्नी कुंदा. ती पाच वर्षांपूर्वी वारली.

मरणाची घाई आहे असे कोणी समजू नये. फेब्रुवारीत छातीत कळ आली तेव्हा डॉक्टरांनी तपासून "कुछ नहीं है खांडवेकरजी, गैस है" असे सांगितले. पण त्यांच्या खोलीबाहेर बाकावर बसून जी अर्धी घटका गेली, तीत एक गोष्ट लिहून ठेवायला हवी हे मला कळले. त्यातच चिरंजीव श्रीपादचे पत्र आले. त्याचा मजकूर पुढे येईल.

कलम १. मदन महल येथील माझे तीन खोल्यांचे घर, अंगणातल्या पेरूच्या झाडासकट, माझी कन्या कु. शैलजा हिला मिळावे. ती लग्न करो अथवा न करो, या घरातून तिला कोणी "आता कुठे जाणार?" असे विचारू नये. पेरू मात्र श्रीपादच्या मुलांनी येऊन हवे तेवढे खावेत.

कलम २. माझा भविष्य निर्वाह निधी, पोस्टातली शिल्लक आणि मनगटी घड्याळ चिरंजीव श्रीपाद याला मिळावे. तो भिलाईला नोकरीस आहे. घड्याळ रोज दोन मिनिटे मागे पडते, हे मी त्याला आधीच सांगून ठेवतो, कारण या कागदात मला कुठलेही खोटे माप ठेवायचे नाही.

कलम ३. माझी बारा इंची पोलादी पट्टी श्री. बाबाराव देवपुजारी यांना द्यावी. बाबाराव आमच्या समाजात लग्ने जुळवतात. कारण असे.

शैलजा पाच फूट दहा इंच उंच आहे. माझ्या आईकडचे सगळे असेच होते. ती एकविसाची झाली तेव्हा टिपण लिहिताना बाबाराव म्हणाले, "अहो, खरं काहून लिहून राहिले? पाच-सहा टाका. पोरगी बसूनच तर दाखवायची आहे! बाकी फिर देखेंगे." मी पाच फूट सहा इंच टाकले. सल्ला त्यांचा होता, पण दौत आणि टाक माझा, हेही येथे नमूद करतो.

सात स्थळे आली. मुलगी बसलेली असेपर्यंत सगळे ठीक चाले. चहाचा ट्रे घेऊन ती उठली की मुलाकडची माणसे एकमेकांकडे बघत. एक गृहस्थ तर हसून "ही तर वाढूनच राहिली" म्हणाले आणि चिवडा संपवून गेले. मी त्यांच्यावर चिडलो नाही, शैलजावर चिडलो. रोज तिला म्हणायचो, "जरा वाकून चाल." ती दहा वर्षे वाकून चालली. पुढे पुढे घरात नुसती टेप दिसली तरी ती उठून आत जायची. पट्टी बाबारावांनी भिंतीवर लावावी आणि एका फुटात इंच किती असतात ते अधूनमधून मोजावे.

कलम ४. माझी छोटी स्कूटर. हे कलम लांबेल. टंकलेखक कंटाळल्यास त्याला चहा द्यावा.

ही स्कूटर मी एकोणीसशे चौसष्ट साली माझ्या नावाने, परंतु श्रीपादसाठी नोंदवली होती. नंबर लागायला सात वर्षे लागली. गेल्या ऑक्टोबरात ती घरी आली तेव्हा श्रीपाद भिलाईला स्थिरावला होता, आणि शैलजा अधारतालच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवत होती. मदन महलहून अधारताल म्हणजे शहराचे हे टोक ते ते टोक. तिच्या पगाराचा चांगला हिस्सा रिक्षात जाई. मी म्हटले, तूच चालव.

पण गाडी तिला लहान पडे. गुडघे वर येऊन हँडलला लागत. बसली की ती एखाद्या लहान मुलाच्या सायकलीवर बसल्यासारखी दिसे, आणि रेल्वे फाटकावर पोरे हसत. मी म्हटले, हे आपण दुरुस्त करू, आपला तर हाच धंदा.

माझा धंदा मापाचा आहे, हे वाचणाऱ्याने लक्षात घ्यावे. टूलरूममध्ये आम्ही गेज बनवतो, म्हणजे ज्यावर बाकीचा माल तपासतात ते माप. तिथे केसाएवढी चूक झाली तर शेकडो नग बाद होतात. त्या वेळी लढाई तोंडावर आली होती, बारा-बारा तासांची पाळी होती. सुटीच्या एका रविवारी मी घरी बसून सीट आणि हँडलचे चित्र काढले, आकडे मांडले आणि आमचे वेल्डर बळीराम यांच्याकडून ठोकळे करून आणले. नळी आणि पत्रा इथल्याच गोरखपूर बाजारातल्या भंगाराचा, कारखान्याचा एक खिळाही त्यात नाही. सीट दीड इंच उचलली. हँडलला हात लावला नाही, आकड्यांप्रमाणे गरजच नव्हती.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी शाळेत जाताना शैलजा फाटकाजवळच्या वळणावर पडली. हँडल वळवले ते गुडघ्याला अडले आणि वळलेच नाही. मागून लष्कराचा ट्रक येत होता. ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून आज हे मृत्युपत्र लिहायला माझ्याकडे कारण आहे. तिचे उजवे मनगट मोडले.

मला कारखान्यात निरोप आला. इस्पितळात पोहोचलो तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता. मी म्हटले, "असं कसं झालं? मी तर हिशेबानं केलं होतं."

ती म्हणाली, "कोणत्या हिशेबानं, बाबा?"

"पाच-सहाच्या."

ती म्हणाली, "पाच-सहाची तुमची कोणती मुलगी आहे?"

कागदावर लिहून लिहून तो आकडा माझ्या डोक्यात एवढा पक्का बसला होता की मी तिला समोर उभी न करता त्यावर गाडी बांधली. गेजवर माझा हात कधी चुकला नाही, आणि पोटच्या मुलीचे माप मी चार इंचांनी खोटे धरले. लाज वाटली, फार वाटली. मी तसे म्हणालोही. ती म्हणाली, "रडू नका हो, नर्सदीदी बघून राहिली. घरी जाऊन नीट मोजा."

लढाई पुढच्याच आठवड्यात थांबली. कारखान्यात पेढे वाटले. मी माझा पेढा खिशात घालून घरी आलो, शैलजाला भिंतीशी ताठ उभी केली आणि मोजले. मग स्टुलावर बसवून मोजले, कंबर ते गुडघा, गुडघा ते टाच, खांदा ते मूठ. दहा वर्षांत प्रथमच टेप बघून ती आत गेली नाही. "अजून श्वास घेऊ का?" असे मात्र दोनदा विचारले.

त्यानंतर सीट मूळ जागेहून चार इंच मागे आणि दोन इंच वर गेली. हँडलखाली अडीच इंचांची पोलादी जोड बसली, त्यामुळे क्लच, गिअर आणि ब्रेकच्या तारा तोकड्या पडल्या, त्या सगळ्या लांब घेतल्या. पायातल्या ब्रेकला पट्टी जोडली. मागची सीट स्टेपनीकडे सरकवली. बळीराम तीनदा म्हणाले, "भैया, एवढी मेहनत? पोरीलाच जरा सांभाळून बसायला सांगा." मी म्हटले, दहा वर्षे तेच सांगितले. फेब्रुवारीत मनगट प्लास्टरमधून सुटले आणि ती त्या गाडीवर बसली. गुडघे कुठे लागले नाहीत, पाठ वाकली नाही. फाटकावरून वळून परत आली आणि म्हणाली, "बाबा, आता हँडल माझं ऐकतं." त्या दिवशी माझ्या छातीवरून जे ओझे उतरले, ते डॉक्टरांच्या गॅसचे नव्हते.

आता श्रीपादचे पत्र. तो लिहितो: "बाबा, बुकिंग माझ्यासाठी होतं ना? इकडे अजून रांग आहे. मी पडलो पाच-चार, त्यामुळे सीट-हँडल पहिल्यासारखं करून मालगाडीनं पाठवा. ताई रिक्षानं जाईल." श्रीपाद, तुझे म्हणणे खोटे नाही. गाडी तुझ्यासाठीच नोंदवली होती. पण तुला गाडी नसली तर तू रांगेत उभा राहशील. तिची गाडी कापून लहान केली, तर मी तिला पुन्हा वाकायला सांगितल्यासारखे होईल. ते मला जमणार नाही. राग आला तर माझ्यावर धर, ताईवर नको. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक मी तुलाच नेमत आहे, यावरून माझा तुझ्यावर किती भरवसा आहे ते समज.

सबब, माझ्या मृत्यूनंतर ही स्कूटर कु. शैलजा हिला मिळावी आणि तिच्या सीट-हँडलला कोणी हात लावू नये.

सही करण्यापूर्वीची दुरुस्ती: वरील सबब रद्द समजावी. काल संध्याकाळी हा मसुदा शैलजाला वाचून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही जाईपर्यंत ही तुमचीच?" म्हणून आज सकाळी परिवहन कार्यालयात जाऊन गाडी तिच्या नावावर करून दिली. सबब ती आता माझ्या मालमत्तेत नाही आणि तिच्याविषयी लिहिण्याचा मला अधिकार उरलेला नाही. तिथून याच गाडीने आम्ही सह्यांसाठी इथवर आलो. मी मागे बसलो होतो. मागून पुढचा रस्ता दिसत नाही, शैलजाची पाठ आडवी येते. मी तिला एकदाही 'जरा वाक' म्हटले नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, खोडाखोड माझी आहे, आणि ती मला मान्य आहे.

लिहून देणार: नीलकंठ गोविंद खांडवेकर (सही)

आमच्या समक्ष सही झाली:
१. बळीराम चौकसे, वेल्डर (सही)
२. सुनेत्रा बक्षी, शैलजाच्या शाळेच्या मुख्याध्यापिका (सही)

जबलपूर, मंगळवार, दि. २५ एप्रिल १९७२