तिसऱ्या कपाआधी

मुलुआलेम,

मी माझ्या बहिणीकडे, झेवदितूताईकडे झोपायला चालले आहे. रागावलास तरी चालेल.

आईंची तीन कपांची कॉफी रोज रात्री आपल्या एकुलत्या खोलीत शेगडीवर रंगते, शेजारणी माझ्याच पलंगावर बसतात आणि तिसरा कप होईपर्यंत मी पोट सांभाळत ताटकळते. काल मध्येच उठले, तर आई म्हणाल्या, "सूनबाई, तिसऱ्या कपात आशीर्वाद असतो. बाळाला नको का?"

"बाळाला झोप हवीय," मी म्हटलं. सगळ्या खदखदून हसल्या.

हे शिकलेल्या बाईचं खूळ नाही. रक्तदाब चढलाय, नर्सनं पुन्हा मोजला आणि आधी झोपेचंच विचारलं. दुसरी खोली परवडत नाही, मान्य. पण अंगणाला भाडं पडत नाही. शेगडी तिकडे हलव, मग न्यायला ये.

शेजारणींनी विचारलं, तर सांग: सून पळाली नाही, झोपलीय.

तिरुवर्क