काकूंचं पाणी

ता. ३, सोमवार

आले एकदाची. ट्रंक ओढून खांदा निखळायचा बाकी होता, पण घर बघून सगळं विसरले. मागच्या घरी जिन्याखाली झोपत होते. इथे मला वेगळी खोली आहे, खोलीला खिडकी आहे, आणि कपाट एवढं मोठं की माझे चार कपडे त्यात हरवल्यासारखे दिसतात.

भिंगरे, ही वही तू दिलीस. रोज चार ओळी लिही आई, अक्षर सुधारेल, मी आले की वाचते, म्हणालीस. चौथीत शाळा सुटल्यापासून मी वाण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही. तेव्हा चुका निघाल्या तर गप्प बसायचं. आणि ऐक. मी इथल्या सूनबाईंना सरळ विचारलं, माझी मुलगी नर्सिंगला आहे, हॉस्टेलवर असते, सुट्टीत इथे राहिली तर चालेल का. त्या म्हणाल्या, न चालायला काय झालं, खोली तुमचीच आहे. आजवर एका घराने तुला दाराच्या आत घेतलं नव्हतं. तेव्हा हे काम मी टिकवणार. तोंड आवरणार.

घरात माणूस एकच, म्हातारा. बायको गेली त्याची, मागच्या हिवाळ्यात. मुलगा-सून दुसऱ्या गावी असतात, आज मला घर दाखवायला आले होते. स्वयंपाक, औषधं, झाडलोट, हे नेहमीचं. वर एक नवीनच काम. बाहेरच्या खोलीत काचेची टाकी आहे, मी पाय पसरून आत बसेन एवढी. आत मासे आहेत, झाडं आहेत, असं म्हणतात. मला तर कुणी पालक वाटून ओतल्यासारखं दिसलं. सूनबाई म्हणाल्या, बाई, तेवढं पाणी स्वच्छ करा, आम्हाला बघवत नाही.

म्हातारा टाकीसमोर खुर्ची टाकून बसलेला. काका, मी आले हो, म्हटलं. मान वळवली नाही.

ता. ४, मंगळवार

माशांच्या दुकानात जाऊन आले. मालक टकला आणि बोलघेवडा. मी म्हटलं, घासणी द्या, काच घासते. तो हसायला लागला. म्हणे, काच घासून काय होणार, पाणीच हिरवं आहे. ती घाण नाही, बारीक शेवाळ आहे, डोळ्याला न दिसणारं, पाण्यात तरंगतं. दिवा जास्त आणि खाणं जास्त झालं की माजतं. दिवा कमी करा, चिमूटभरच खाणं घाला, दोन-तीन दिवसाआड थोडं पाणी बदला. सगळं एकदम काढलंत तर मासे मरतील आणि मग माझ्या नावाने शंख कराल. तेवढ्याने नाही गेलं तर टाकीवर जाड ब्लँकेट टाका, उजेडाचा किरण जाऊ देऊ नका, मध्ये उचलून बघू नका.

घरी येऊन बघते तर टाकीचा दिवा रात्रंदिवस चालू. बंद केला. म्हातारा पहिल्यांदा बोलला. म्हणाला, बाई, तिला अंधारात ठेवू नका.

मी म्हटलं, काका, मासे आहेत ते, झोपू द्या त्यांना.

ता. ६, गुरुवार

आज पहिलं पाणी काढलं. पाइपचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात, आणि जोरात ओढ. पिंपातून पाणी काढायला मी असंच करते. पण टाकीचं मला कुठे माहीत. पाणी धाडकन आलं आणि घोटभर सरळ पोटात. थू थू केलं, उपयोग नाही. चव लोखंडी आणि जराशी गोड.

मी बादली मोरीत रिकामी करायला लागले तशी म्हाताऱ्याने माझा दंड धरला. पाणी टाकू नका, म्हणाला. मग सगळं सांगितलं, त्या पाण्याकडे बघतच. त्याची बायको, म्हणजे काकू, रोज सकाळी टाकीतल्या झाडांची छाटणी करायच्या. त्या दिवशीही टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभ्या होत्या. चहा ठेवते हं, म्हणाल्या आणि तशाच टाकीवर वाकल्या. हा पेपर वाचत बसलेला. चहा का येत नाही म्हणून वर बघितलं तेव्हा सगळं संपलं होतं, हात पाण्यातच. दुसऱ्या दिवसापासून पाणी हिरवं व्हायला लागलं.

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटून टाकी साफ होत नाही. बादली ओतली.

ता. ७, शुक्रवार

म्हाताऱ्याला सकाळी चहा दिला. बशीत ओतून, फुंकर घालून, बशीच त्याच्या हातात दिली. का दिली कोण जाणे, मी तर कपातच देते. तो आधी बशीकडे बघत राहिला, मग प्यायला. आमची ही असाच बशीत द्यायची, म्हणाला.

दुपारी भांडी घासताना मी गुणगुणत होते. भिंगरे, तुला माहीत आहे, माझा आवाज ऐकून कुत्री पळतात. म्हातारा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकत होता.

टकल्याकडून रबरी फुगा आणला. पाइपला लावायचा, दाबायचा, पाणी आपोआप येतं. तोंड लावायला नको.

ता. ९, रविवार

फुगा सापडत नाही. सिंकखाली ठेवला होता, आता नाही. या घरात मी आणि म्हातारा. त्याला विचारलं तर म्हणे, असेल कुठेतरी. मग स्वतःच बादली आणून ठेवली आणि म्हणाला, बाई, आज पाणी काढायचं ना? गुरुवारी दंड धरणारा हाच माणूस.

तोंडानेच ओढलं. पुन्हा घोट गेला. बादली मात्र त्याने मोरीत ओतू दिली नाही, गॅलरीत झाकून ठेवली.

पाण्याचा हिरवा रंग जरा उतरलाय. एक मासा दिसला, निळ्या पट्ट्याचा. सुंदर आहे हो.

ता. ११, मंगळवार

लिहावं की नाही. लिहिते.

टाकीत शोभेला ठेवलेल्या लाकडाच्या मागे हात घातला आणि एक लांब दांड्याची कात्री काढली. गंजलेली. पाणी अजून हिरवं आहे, लाकडामागचं काही दिसत नाही. मी शोधतही नव्हते. पाय घसरल्यावर हात जसा भिंतीकडे जातो तसा सरळ तिथेच गेला.

म्हाताऱ्याने कात्री छातीशी धरली. काकूंच्या हातातून त्या शेवटच्या दिवशी पडली होती ती, म्हणाला.

ता. १२, बुधवार

पुरे झालं. टाकीवर ब्लँकेट टाकलं, वर रजई टाकली, दोरीने बांधलं. अंधारात मरू दे ते शेवाळ.

संध्याकाळी तुझा फोटो पुसत होते. तुझ्या हनुवटीवर व्रण आहे. तो कशाने झाला ते आठवेना. आई आहे मी तुझी. डोकं धरून बसले. आठवलं ते भलतंच. स्टेशनचा बाक, निळ्या स्वेटरातला एक तरुण संत्रं सोलतोय, एकेक फोड माझ्या हातावर ठेवतोय, आणि मी एवढी सुखात की रडू येतंय.

भिंगरे, तुझ्या बापाने मला कधी संत्रं सोलून दिलं नाही. कोण तो?

ता. १४, शुक्रवार

म्हाताऱ्याचा कोट धुवायला घेतला. खिशात फुगा.

तोंड सुटलं माझं. म्हटलं, काका, लाज नाही वाटत? तो भांडला नाही. म्हणाला, तुम्ही बशीत चहा दिलात तेव्हाच कळलं मला, त्या घोटातून ती तुमच्यात आलीय. एकदा फक्त तिच्या तोंडून ऐकायचं होतं. ती काही न बोलता गेली हो बाई, चहा ठेवते म्हणाली, तेवढंच.

मला त्याला चार शिव्या द्यायच्या होत्या. तोंड उघडलं आणि निघालं ते असं, की अहो, पुरे आता रडणं, डोळे दुखतील तुमचे.

मी म्हटलं ते? मी कधी कुणाला—

ट्रंक भरली. उद्या निघते.

ता. १५, शनिवार

ट्रंक रिकामी. माझे कपडे मोठ्या खोलीत, काकूंच्या कपाटात, इस्त्री करून. घड्या अशा की मला जन्मात जमणार नाहीत.

तोंडात लोखंडाची चव. टाकीशेजारी भरलेली बादली, पाइप ओला. कधी काढलं मी? ब्लँकेटची दोरी नीट बांधलेली आहे. मी गाठ मारते ती अशी नसते.

ता. १६, रविवार

तुझा फोन आला. सुट्टी लागली, येते म्हणालीस. मला म्हणायचं होतं, येऊ नकोस, तिथेच थांब, मीच येते. तोंडातून आलं, ये बाळ, नक्की ये, वाट बघतो आम्ही. तू म्हणालीस, आई, किती गोड बोलतेस ग आज, तब्येत बरी आहे ना.

एवढ्यावरूनही कळलं नाही तुला?

तोंड तिचं झालंय. हात अजून—कधी माझा, कधी—

एक पान फाडलं, येऊ नको लिहिलं, दाराबाहेर ठेवलं, उंबऱ्यावर, वर दगड.

सोमवार

पान परत वहीत. डिंकाने चिकटवलेलं, कडा जुळवून. त्यावरचं येऊ नको खोडरबराने पुसलेलं.

ब्लँकेट काढलं. झाडं दिसली. केवढी झाडं. लाल पानांची, केसासारखी, तळाशी गवत. मासे सगळे जिवंत. हिरवट झाक थोडीच उरली आहे. रडले. मी रडले की ती?

व्रण. हनुवटी. झोका होता—नाही—दगड—

मंगळवार

आज ह्यांच्या सोबत गॅलरीत बसले. ह्यांना बरं वाटतंय, दोन घास जास्त जेवले. दुपारी टेबलावर ही वही सापडली. कुणा बाईची आहे. मागची पानं वाचली. काय उद्धट भाषा! ह्यांना म्हातारा म्हणते. पण मुलीवर जीव दिसतो बिचारीचा. कुठे गेली असेल ती?

बुधवार

एक मुलगी आली आहे. दारातच आई म्हणून गळ्यात पडली. मी म्हटलं, बस बाळ, दमली असशील. आम्हाला एकच मुलगा, मुलगी नाही, पण कुणाची का असेना, गोड आहे. हनुवटीवर जुना व्रण आहे. कशाने झाला ग, विचारलं, तर एकदम हुंदके द्यायला लागली. थट्टा करू नकोस ना आई, म्हणाली. ह्यांनी तिला खुर्ची दिली.

दुपारी मी पडले तर माझ्या उशाशी बसली होती. एरवी जागच्या जागी स्थिर राहत नाही, सारखी गिरक्या घेते. कुणीतरी तिला एक नाव ठेवलं होतं. जिभेवर आहे.

गुरुवार

मुलगी गुणी आहे. माझी नाडी बघते, डोळ्यांत बॅटरी मारते, डॉक्टरकडे चल म्हणते. मी म्हटलं, आधी एवढं टाकीचं होऊ दे. एकदा पाणी काढलं की काच कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळणार नाही. माझे हात कापतात म्हणून ती म्हणाली, तू बस आई, मी काढते, मग आपण जाऊ.

मी सांगितलेला रबरी फुगा ती शोधतेय. सापडत नाही. ह्यांच्या खिशाला फुगवटा आहे, मला इथून दिसतो. हे खिडकीबाहेर बघतायत. थेंबही वाया घालवू नकोस पोरी, म्हणाले.

तिने बादली ठेवली. गुडघ्यांवर बसली. पाइप तोंडाला ला—

भिंगरे थुंक

गिळू नको. झोक्यावरून पडली होतीस तू, रक्त थांबेना, मी अनवाणी धावले तुला घेऊन, आठवलं मला, सगळं आठवलं, वर बघ, माझ्या हाताकडे बघ, वही बघ, थुंक ते, थुं