ती ओळ खोडल्याशिवाय सही नाही

४ मार्च २०११, लास वेगास

घर मिळालं! म्हणजे मालकानं हो म्हटलं, बँकेचं हो अजून बाकी आहे. मालक गेताचू, टॅक्सी चालवतो. घराची किंमत कोसळून कर्जाच्या निम्म्यावर आली, हप्ते थकले. बँक कमी रकमेवर समाधान मानेल तरच सौदा. याला म्हणे शॉर्ट सेल म्हणतात.

दलालीण मारिसेलानं बजावलं, “आहे तसं घ्यायचं. दुरुस्तीला कुणी डॉलर देणार नाही. आणि सहा महिन्यांनी बँक नाही म्हणाली, तर घर तपासून घेण्याचा खर्च बुडाला समज.”

बाहेर येताच ओडेल, माझा नवरा, म्हणाला, “हॉटेलमालकांना वाकवलंस, व्हर्लीन. बँकेला तोंड तरी आहे का भांडायला?”

वीस वर्षं युनियनच्या सभांत हॉटेलांच्या खोल्या झाडणाऱ्या बायकांपुढे गरजते आहे, छप्पर हा हक्क आहे म्हणून! आणि स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत. पुरे झालं.

१९ एप्रिल

बँक म्हणते, कागद मिळाले नाहीत. पुन्हा पाठवले. परत पुन्हा!

२८ जून

त्या घराचा एसी बंद पडला. घर अजून माझं नाही आणि घाम मला! गेताचू म्हणाला, “ताई, मी दुरुस्त करून काय करू? मी तर चाललो.” खरंच आहे. त्याची बायको त्सेहाय इथिओपियाच्या रीतीप्रमाणे तीन पेले कॉफी पाजल्याशिवाय उठू देत नाही. दुसऱ्या पेल्याला मी पुढच्या सभेचं भाषण म्हणून दाखवलं. तिसऱ्याला गेताचू रडला. ओडेल म्हणतो, कॉफीच कडक होती.

१० ऑगस्ट

बँकेचा होकार! नाचलो. मग मारिसेलानं पत्र शेवटपर्यंत वाचलं. घर विकून जे कर्ज उरेल ते गेताचूकडून पुढे कधीही वसूल करण्याचा हक्क बँक राखून ठेवते! घर जाणार, कर्ज राहणार. गेताचू सही करायला तयार नाही. बरोबर आहे त्याचं. पण सही नाही तर सौदा नाही. आणि थकलेल्या हप्त्यांपायी बँकेनं मंगळवारी घराचा लिलाव ठेवलाय.

मारिसेला म्हणाली, “तू समजाव त्याला. तुझं ऐकेल तो.”

ऐकेल! तेच तर! माझ्या एका भाषणात तो सही करून मोकळा होईल आणि मरेपर्यंत फेडत बसेल.

ते भाषण मी करणार नाही.

११ ऑगस्ट

बँकेला फोन. पलीकडची बाई थंड: “तो मालकाचा प्रश्न आहे. तुम्हाला घर मिळतंय ना?”

मी म्हटलं, “नाही मिळत. ती ओळ राहिली तर तो सही करणार नाही, आणि आता मीही नाही. लिलावात याहून कमीच येईल तुम्हाला. रिकामं घर, बंद एसी, भर ऑगस्ट. घ्या ताब्यात!”

ती म्हणाली, “वरिष्ठांना विचारते.”

ओडेल हळूच म्हणाला, “गेलं गं घर.”

“जाऊ दे,” म्हटलं.

१२ ऑगस्ट

काढली! ओळ काढली! लिलाव थांबला. गेताचूनं आधी सही केली, मग मी. त्सेहायनं मला उचललंच, आणि मी काही हलकी नाही!

६ सप्टेंबर

किल्ल्या हातात. एसी पदरच्या पैशांनी नवा बसवला. गारेगार! ओडेल पायरीवर बसून ओरडला, “घर कुणाचं?” शेजारची कुत्री भुंकली. आता सभा बंद. रविवारी पाय पसरून वाचणार. कुणासाठी भांडायचं नाही.

१८ सप्टेंबर, रविवार

दार उघडलं. रस्त्याच्या टोकापर्यंत टॅक्स्या! सगळ्यांत पुढे गेताचू, मागे त्याचे सोबती, प्रत्येकाच्या हातात आपापल्या बँकेचं पत्र. “ताई, सगळ्यांना हीच ओळ आहे.”

ओडेल म्हणाला, “एवढ्या खुर्च्या नाहीत गं.”

“अंगणात बसतील,” मी म्हटलं.